पियानो ट्यूनरने नाराज आणि हट्टी ग्राहकांशी कसे वागावे

पंखा दुरुस्त झाला की तो फिरतो आणि नळ दुरुस्त झाला की तो गळायचा थांबतो. काम झाले की नाही याविषयी घरमालक आणि कारागीर यांच्यात फारसा वाद उरत नाही. पियानोच्या ट्यूनिंगचे तसे नसते. येथे निर्णय कानाने द्यायचा असतो, आणि ज्या ग्राहकाने आपला पियानो दोन-तीन वर्षे उतरलेल्या सुरात ऐकला आहे, त्याच्या कानाला तो उतरलेला सूरच ओळखीचा झालेला असतो. शिवाय पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात, त्या सर्व तारांचा ताण मिळून १८ ते २० टनांच्या घरात जातो, आणि हा ताण बिडाची चौकट पेलत असली तरी ज्या साउंडबोर्डावरून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या फळीवरून, तारा जातात तो लाकडाचा असल्यामुळे हवेतील ओलाव्यानुसार फुगतो आणि आकसतो. म्हणजे आपण ज्या वस्तूची हमी द्यायची ती आपण घराबाहेर पडल्याच्या क्षणापासून पुन्हा बदलू लागलेली असते.

मुंबई, पुणे आणि गोवा येथील घरांत, शाळांत आणि चर्चमध्ये हे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. ज्यांना आपण त्रासदायक ग्राहक म्हणतो, त्यांतील बहुतेकांना त्यांच्या पियानोची खरी अवस्था कोणी वेळेवर सांगितलेलीच नसते. एखादी गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी सांगितली तर ग्राहक ती माहिती म्हणून ऐकतो. तीच गोष्ट काम झाल्यावर सांगितली तर त्याला ती सबब वाटते. पुढे जे काही लिहिले आहे ते या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातील बरेचसे काय बोलावे यापेक्षा केव्हा बोलावे याविषयी आहे.

फोनवरचे बोलणे

ग्राहकाचा फोन आला की पत्ता आणि वेळ ठरवून मोकळे होऊ नये. पियानो उभा आहे की आडवा, म्हणजे ग्रँड, त्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, शेवटचे ट्यूनिंग केव्हा झाले, कोणत्या पट्ट्या दबून राहतात किंवा वाजतच नाहीत, पियानो नुकताच एका घरातून दुसऱ्या घरात हलवला आहे का, आणि तो खिडकीजवळ किंवा एसीच्या झोतात उभा आहे का, इतके प्रश्न विचारावेत. वरचे झाकण उघडून आतल्या पिनांचे (ज्या खुंट्यांभोवती तारा गुंडाळलेल्या असतात त्यांचे) आणि तारांचे दोन फोटो पाठवायला सांगावेत. शेवटचे ट्यूनिंग केव्हा झाले हे आठवत नसेल, तर किमान पाच वर्षे झाली असे धरून चालावे.

त्यानंतर मेहनताना सांगावा, आणि तो सांगताना त्यात काय येते व काय येत नाही हेही सांगावे. ट्यूनिंग म्हणजे तारांचा सूर लावणे. अडकणाऱ्या पट्ट्या मोकळ्या करणे, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचे फेल्ट (दाबलेली लोकर) सुयांनी टोचून आवाज मऊ करणे, तुटलेली तार बदलणे ही वेगळी कामे आहेत, आणि ग्राहकाला हा फरक ठाऊक असण्याचे काहीच कारण नसते. साध्या ट्यूनिंगला दीड ते दोन तास लागतात आणि तेवढा वेळ खोलीत शांतता लागते, हेही तेव्हाच सांगून ठेवावे. टीव्ही बंद, मिक्सर बंद आणि शक्य असल्यास पंखाही बंद, कारण फिरत्या पात्यांमुळे तारेचा आवाज लहरल्यासारखा ऐकू येतो आणि आपण तर नेमकी ती लहर ऐकूनच दोन तारा जुळवत असतो. आधी सांगितले असेल तर घरातील लोक त्या वेळेपुरती कामे पुढे-मागे करतात. ऐन वेळी सांगितले तर आपण त्यांच्याच घरात त्यांना हुकूम सोडतो आहोत असे त्यांना वाटते.

हे सर्व फोनवर बोलून झाल्यावर चार-पाच ओळींत लिहून मोबाइलवर पाठवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा सेवेलाही लागू आहे, त्यामुळे काय करायचे ठरले होते याची लेखी नोंद दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. परंतु माझ्या मते तिचा मोठा उपयोग हा, की घरातील ज्या व्यक्तीने फोन केला ती आणि जी व्यक्ती पैसे देणार ती पुष्कळदा वेगळी असते, आणि लिहिलेला निरोप त्या दुसऱ्या व्यक्तीपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो.

मागच्या ट्यूनरने निम्म्या पैशात काम केले होते असे सांगणारे ग्राहक भेटतातच. त्यावर त्या ट्यूनरविषयी एक शब्दही वाईट बोलू नये, आणि आपला दरही लगेच उतरवू नये. मागच्या वेळी सर्व पट्ट्या लावल्या होत्या का, पियानो मूळ पट्टीवर, म्हणजे सुराच्या ठरलेल्या उंचीवर, आणला होता का, की होता त्याच उतरलेल्या पट्टीवर आपापसांत जुळवला होता, एवढे विचारावे. बऱ्याचदा यांतले शेवटचेच झालेले असते, आणि मग दराचा फरक कशाचा आहे ते ग्राहक स्वतःच समजून घेतो. तरीही ज्याला कमी दरच हवा असेल त्याला तो जेथे मिळतो तेथे जाऊ द्यावे. घासाघीस करून मिळवलेले काम घासाघीस करतच संपते, असा माझा अनुभव आहे.

झाकण उघडल्यावरची पहिली दहा मिनिटे

ट्यूनिंगची चावी पिनेवर चढवण्यापूर्वी ग्राहकाला जवळ बोलवावे. मधल्या सप्तकातील ए हा स्वर वाजवून तो सेकंदाला किती कंपनांवर आहे हे यंत्रावर त्यांना दाखवावे. आज सर्वत्र मानली जाणारी पट्टी ४४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांची आहे. जुन्या युरोपीय पियानोंपैकी काही ४३५ हर्ट्झ धरून बनवलेले असतात, कारण फ्रान्सने १८५९ मध्ये तीच पट्टी कायद्याने ठरवली होती. पियानो पाव स्वर किंवा त्याहूनही खाली उतरला असेल, तर तो एका दमात वर आणता येत नाही हे येथेच समजावून सांगावे. पुढच्या तारा ताणल्या की साउंडबोर्डावरचा भार वाढतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून आधी सर्व तारा ढोबळपणे वर घ्यायच्या, मग नीट लावायच्या, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा येऊन त्या स्थिर करायच्या. हे तीन टप्पे ज्याला आधी कळले आहेत तो दुसऱ्या फेरीचे पैसे देताना कुरकुर करत नाही.

हे मी चूक करून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत गिरगावातील एका घरी एक जुना उभा पियानो मी उत्साहाने सरळ ४४० वर न्यायला घेतला आणि वरच्या सप्तकातील एक गंजलेली तार तुटली. इतक्या जुन्या गंजलेल्या तारा तुटतातच, त्यात आश्चर्य काही नव्हते, पण मी ती शक्यता आधी बोललो नव्हतो. घरातील आजी शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना त्या आवाजाने केवढा धक्का बसला हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले, आणि त्यानंतर मी तारेच्या गंजाविषयी जे जे सांगितले ते सर्व खरे असूनही त्यांना पटले नाही. ती तार मी माझ्या खर्चाने बदलून दिली. आज मी असा पियानो पाहिला की घरच्यांना गंज बोटाने दाखवतो, तार तुटू शकते आणि तिचा खर्च कोणी करायचा हे ठरवतो, आणि त्यांची तयारी नसेल तर पियानो आहे त्याच पट्टीवर आपापसांत जुळवून देण्याचा पर्याय पुढे ठेवतो. एकट्याने वाजवणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. बासरी किंवा व्हायोलिनच्या साथीला मात्र तो चालणार नाही, हेही सांगतो.

वडिलोपार्जित पियानोचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. दादरच्या पारशी कॉलनीत, वांद्र्याच्या जुन्या घरांत, गोव्यातील वाड्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वीचे विलायती पियानो आजही आहेत, आणि त्यांतील काहींची अवस्था अशी आहे की पिना ज्या लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या असतात तो पिनब्लॉकच सैल झालेला असतो. अशा पियानोला सूर लावला तरी तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. येथे 'हा आता भंगारात काढा' असे कधीही म्हणू नये. पियानोला काय झाले आहे ते दाखवावे: एक पीन फिरवून ती किती सहज फिरते ते त्यांच्या हाताला जाणवू द्यावे. मग तीन पर्याय सांगावेत. जाड पिना घालून आणि तारा बदलून पूर्ण दुरुस्ती करणे, आहे तसा ठेवून केवळ मधली चार सप्तके जमेल तेवढी लावणे, किंवा काहीच न करता घराची आठवण म्हणून तो जपणे. तिसरा पर्याय आपण स्वतः मान देऊन सांगितला तर कुटुंबाला निर्णय घेणे सोपे जाते, आणि आपण केवळ पैशासाठी बोलत नाही हेही त्यांना कळते.

आत उंदराचे घरटे, कसर लागलेले फेल्ट, वाळवीची माती असे काही सापडले तर ते पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगू नये. घरातील एका जबाबदार व्यक्तीला बाजूला बोलावून दाखवावे. घराच्या स्वच्छतेविषयी कोणाची मान खाली गेली की पुढचा सगळा राग मेहनतान्यावर निघतो. हीच काळजी स्वतः दुरुस्ती करून बसलेल्या ग्राहकाविषयीही घ्यावी. कोणी गंज काढण्याचा फवारा पिनांवर मारलेला असतो, कोणी पट्ट्यांच्या सांध्यांत खोबरेल तेल सोडलेले असते. पीन ही लाकडाच्या घर्षणावर टिकते, तेल मुरले की ते घर्षण जाते, आणि तो बिघाड सहज निघत नाही. पण 'हे कोणी केले' असे विचारले की उत्तर मिळत नाही. 'यावर काही लावले होते का, म्हणजे मला त्यानुसार काम करता येईल' असे विचारले की मिळते.

सूर बरोबर असूनही ग्राहक 'चूक' म्हणतो तेव्हा

मोबाइलवरचे ट्यूनर ॲप आल्यापासून हा प्रसंग नेहमीचा झाला आहे. काम संपल्यावर ग्राहकाचा मुलगा एकेक पट्टी वाजवून पाहतो आणि वरच्या टोकाचे स्वर चढलेले, खर्जातले उतरलेले दिसतात. तेथे रागावण्याचे कारण नाही, कारण ॲप जे दाखवते ते खरेच असते. पोलादी तार ताठ असल्यामुळे तिच्यातून निघणारे वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे सूक्ष्म स्वर) गणिताने यायला हवेत त्याहून थोडे चढे येतात. म्हणून सप्तके कानाला जुळलेली वाटावीत यासाठी वरचा भाग थोडा चढा आणि खालचा थोडा उतरता लावावा लागतो. लहान पियानोत सर्वांत वरच्या स्वरात हा फरक वीस-तीस सेंटपर्यंत जाऊ शकतो, आणि सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. मी अशा वेळी वरचे एक सप्तक ॲपच्या हिशेबाने अगदी शून्यावर लावून त्या मुलाला खालच्या सप्तकाबरोबर वाजवायला सांगतो. ते उतरलेले आहे हे तो स्वतःच ओळखतो. पाच मिनिटे जातात, पण मग त्या घरातून तशी तक्रार पुन्हा येत नाही.

महाराष्ट्रात याहून गहन तक्रार येते ती शास्त्रीय संगीत शिकलेल्या ग्राहकाकडून. नात पाश्चात्त्य पद्धतीने पियानो शिकते, आणि आजोबा किंवा आजी किराणा किंवा ग्वाल्हेर गायकी ऐकत मोठे झालेले असतात. ते पांढरी एकचा षड्ज धरून पांढरी तीन वाजवतात आणि म्हणतात की गंधार चढला आहे. अशा ग्राहकाला अडाणी समजणारा ट्यूनर स्वतःच अजून शिकलेला नाही, कारण त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो. पियानोतील गंधार ४०० सेंटांवर बसवलेला असतो. चौदा सेंटांचा हा फरक तयार कानाला खुपतोच. पियानोच्या मधल्या सप्तकात षड्ज आणि गंधार एकत्र वाजवले तर आवाज सेकंदाला सुमारे दहा वेळा लहरतो, आणि ती लहर त्यांना ऐकू येत असते. पंचमात मात्र फरक दोनच सेंटांचा असल्याने त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

तेव्हा पहिले वाक्य 'आपला कान बरोबर आहे' हेच असावे. त्यानंतर असे का केले आहे ते सांगावे. पियानोत बारा स्वर कायमचे ठरवून ठेवावे लागतात आणि त्यांतील कोणताही स्वर षड्ज मानून वाजवता यावे लागते, म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग करून ती चूक सर्वांमध्ये वाटून टाकलेली असते. एका पट्टीसाठी शुद्ध गंधार लावून दिला तर दुसऱ्या पट्टीत तोच स्वर इतका उतरेल की नातीला परीक्षेचे तुकडे वाजवता येणार नाहीत. हे आपल्या श्रोत्यांना नवे नाही. हार्मोनियमवरचा आक्षेप मिंडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याच्या) अभावाबरोबर याच ठरीव स्वरांचाही होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत चालली. हा संदर्भ दिला की जाणकार ग्राहकाशी बोलणे वादाच्या ऐवजी संगीतावर येते. त्यांच्याकडे तानपुरा असेल तर तो छेडायला सांगावा आणि दोन्ही गंधार एकापाठोपाठ ऐकावेत. माझ्या काही सर्वांत जुन्या ग्राहकांची ओळख अशाच तक्रारीतून झाली आहे, आणि त्यांच्यामुळे माझाही कान सुधारला.

'परवा लावला आणि आज उतरला'

अशा फोनवर पहिले उत्तर 'मी येऊन पाहतो' असे असावे. पंधरा दिवसांच्या आत आलेल्या तक्रारीसाठी एक फेरी विनामूल्य करावी आणि ही गोष्ट आपल्या पहिल्या निरोपातच लिहिलेली असावी. तेथे गेल्यावर तक्रार ज्या पट्टीविषयी आहे ती ग्राहकालाच वाजवायला सांगावी. पुष्कळदा एका स्वराच्या तीन तारांपैकी एक सरकलेली असते, आणि तसे असेल तर ती आपली जबाबदारी आहे, हे कोणतेही कारण न देता मान्य करावे. कधी पट्टी अडकत असते, कधी पियानोवरची फोटोची चौकट किंवा शोकेसची काच एखाद्या विशिष्ट स्वराला झणझणत असते, तर कधी आत पडलेली पेन्सिल, नाणे किंवा केसांची पीन सापडते. ग्राहकाने 'बेसूर' हा शब्द वापरला म्हणून दोष सुरातच असेल असे नाही. त्याच्यापाशी यासाठी दुसरा शब्द नसतो.

ऋतूचे कारण खरे असते, पण ते पुराव्यानिशी सांगावे. जुलैत मुंबईच्या हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, साउंडबोर्ड फुगतो आणि विशेषतः मधल्या भागाचा सूर चढतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की तोच सूर उतरतो. प्रत्येक भेटीत तारीख, खोलीतील आर्द्रता आणि पोहोचताच मोजलेला सूर एका कार्डावर लिहून ते कार्ड पियानोच्या आतच ठेवावे. तीन-चार नोंदी झाल्या की ग्राहकाला त्या ओळी पाहून जे कळते ते तासभर बोलूनही कळत नाही. पियानोजवळ एक लहान आर्द्रतामापक ठेवायला सुचवावे. दिवसातून दोन तास एसी लावून नंतर खिडक्या उघडणाऱ्या घरात सूर सर्वांत लवकर हलतो, आणि हे त्या घरातील लोकांनी स्वतः आकड्यांत पाहिलेले बरे. ओल घालवण्यासाठी आत बल्ब लावून ठेवण्याची जुनी सवय काही घरांत आढळते. फेल्ट आणि कोरडे लाकूड यांच्याजवळ तापलेला बल्ब धोक्याचा आहे हे स्पष्ट सांगून त्यासाठीच बनवलेली कमी तापणारी कांडी बसवून द्यावी.

नाताळच्या आधीचे तीन आठवडे गोव्यात आणि वांद्र्यात प्रत्येकाला पियानो त्याच आठवड्यात लावून हवा असतो, आणि वर्षभरातील कडू बोलणी बहुतेक तेव्हाच होतात. यावर एकच इलाज मला सापडला आहे: ऑक्टोबरच्या अखेरीस सर्व जुन्या ग्राहकांना आपणच निरोप पाठवून तारखा वाटून टाकणे.

सभागृह, हॉटेल आणि शाळा यांच्या बाबतीत ग्राहक म्हणजे बहुधा संगीत न जाणणारा व्यवस्थापक असतो. पियानो रंगमंचावर त्याच्या अंतिम जागी आणल्यावर, दिवे लावून सभागृह तापल्यावरच ट्यूनिंग होईल, आणि त्या वेळी ध्वनियंत्रणेची चाचणी चालणार नाही, हे लेखी कळवावे. वादकाने ४४२ हर्ट्झची मागणी केली तर ती पूर्ण पियानो सुमारे आठ सेंट वर नेण्याची मागणी आहे, तिला आदल्या दिवशीचीही एक फेरी लागते, आणि कार्यक्रमानंतर पुन्हा खाली आणायचा असेल तर ते वेगळे काम आहे. हे वादकाला नव्हे, ज्याच्या सहीने पैसे निघणार आहेत त्याला सांगावे.

इतके करूनही काही ग्राहक उद्धटपणे बोलतात. आवाज चढला तर आपण हातातले काम थांबवावे, चावी खाली ठेवावी आणि शांतपणे विचारावे की काम पुढे चालू ठेवायचे आहे का. या प्रश्नाने निम्मे लोक भानावर येतात. शिवीगाळ झाली, किंवा एकट्या गेलेल्या ट्यूनरला, विशेषतः या व्यवसायात आता येऊ लागलेल्या मुलींना, घरात असुरक्षित वाटले तर पैशाचा विचार न करता तेथून निघावे. पैसे बुडवणाऱ्याला दोन लेखी आठवणी पाठवाव्यात, त्याचे नाव आपल्या वहीत टिपून ठेवावे, आणि पुढच्या वेळी त्याचा फोन आला तर आधी जुनी बाकी मागावी. चार लोकांत त्याची चर्चा करू नये.

काम अर्ध्यावर सोडून निघायची वेळ आली तरी पियानो धोक्याच्या अवस्थेत सोडू नये. तारांमध्ये घातलेली फेल्टची पट्टी आणि रबरी पाचरी काढून घ्याव्यात, झाकणे नीट बसवावीत, आणि आतल्या कार्डावर त्या दिवशीची तारीख, कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत सूर लावला आणि तो किती हर्ट्झवर ठेवला एवढेच लिहावे. भांडणाचा उल्लेख तेथे करू नये. ते कार्ड पुढे येणाऱ्या ट्यूनरसाठी असते.